बिशानचा पोर्तुगीज

सिंगापुरात बिशानला आमच्या ब्लॉकमध्ये सहाव्या मजल्यावर एक पोर्तुगीज राहतो. श्रावणात मासे सोडतो, श्रावण संपला की दुसऱ्याच सकाळी टेक्का मार्केटात बांगड्यांच्या ढिगापुढे उभा असतो, आणि अंघोळ करताना नाट्यगीतं म्हणतो, तीही सुराला फारसा त्रास न देता, म्हणजे त्याच्या वाटेला न जाता. नाव पद्माकर केरकर. पोर्तुगाल त्याने नकाशाबाहेर कधी पाहिलेला नाही.

त्याचं असं झालं. वडिलांचा जन्म गोव्यातला, तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाचा. पुढे ते नोकरीसाठी गिरगावात आले आणि तिथलेच झाले. अशांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे पद्माकरच्या थोरल्या भावाला कुठून तरी कळलं. भाऊ उद्योगी. त्याने सगळ्या भावंडांचे कागद जमवले, आणि यथावकाश पद्माकर सिंगापुरात बसल्या बसल्या युरोपियन झाला. पोर्तुगीज भाषा येते का विचारलं तर म्हणतो, "पाव, बटाटा आणि चावी. एवढी तुम्हालाही येते, वहिनी."

वहिनी म्हणजे मी, अरुणा. त्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माणसांविषयीही माझं मत लवकर होतं आणि ते मी बोलूनही दाखवते. माझा नवरा विवेक बँकेतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून मंडळाची नाटकं बसवतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच घोटाळा व्हायचा आहे.

पद्माकर हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत. बोटींवर खलाशी पाठवायचे आणि मुदत संपली की त्यांना घरी आणायचं, हे त्याचं काम. कुणाला कुठल्या बंदरात चढवायचं, कुणाला उतरवून मनिलाच्या नाहीतर कोचीच्या विमानात बसवायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. लोकांना जगभर हलवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र पंधरा वर्षांत बिशान सोडून शेजारच्या तोआ पायोहलासुद्धा राहायला गेला नाही. पंचेचाळिशीपर्यंत एकटा होता. आम्ही सगळ्यांनी त्याचा नाद सोडला होता.

मग समोरच्या विंगेत क्षिप्रा राहायला आली. मूळची पुण्याची, पण पाच वर्षं सिंगापुरातच, कोकणस्थ, सॉफ्टवेअरमधली. घटस्फोट झालेला, सोबत नऊ वर्षांची गार्गी. पहिल्याच रविवारी पद्माकरच्या खिडकीतून तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीचा वास निघाला तो थेट क्षिप्राच्या स्वयंपाकघरात. ही तणतणत त्याच्या दारावर गेली. त्याने ऐकून घेतलं, सॉरी म्हणाला, खिडकी लावली. पुढच्या रविवारपासून हा माणूस आधी तिची खिडकी बंद आहे का बघायचा आणि मगच तवा ठेवायचा. असं बरेच महिने चाललं. एका रविवारी तिची खिडकी उघडीच राहिली म्हणून त्याने मासेच केले नाहीत, आणि गार्गी खाली येऊन विचारती झाली, "अंकल, टुडे नो फिश आह?" लग्न जुळायला लोक पत्रिका बघतात. यांचं खिडकीवर जुळलं.

लग्नानंतर गार्गी त्याला काका म्हणू लागली. बाबा म्हण असं त्याने कधी सुचवलं नाही. तिचे वडील नागपूरला होते, दिवाळीला मेसेज करायचे. पद्माकरने तिच्या आयुष्यात शिरायला कुठलाही दरवाजा ठोठावला नाही, तो फक्त आसपास असायचा. तिला शाळेतून बास्केटबॉल खेळून यायला उशीर झाला की हा बिशान स्टेशनच्या बाहेर फळवाल्याशी गप्पा मारत उभा. ती आली की म्हणायचा, "अरे, तू होय? मी केळी घ्यायला आलो होतो." त्यामुळे त्यांच्या घरी केळी कायम जास्त. उरलेली माझ्याकडे यायची. मी शिकरण करून करून थकले.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस. आणि यंदा, गार्गी सोळा वर्षांची झालेली, तिची ओ लेव्हल, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, तोंडावर आलेली, आणि त्याच्या कंपनीने सिंगापूरचं ऑफिस बंद करायचं ठरवलं.

इथल्या परदेशी माणसाचं सगळं एका पासावर असतं. नोकरी आहे तोवर पास, पास आहे तोवर घर. क्षिप्राची स्वतःची नोकरी आधीच्या कपातीत गेली होती, त्यामुळे ती नवऱ्याच्या पासावर. गार्गी सावत्र मुलगी, म्हणून तिला वेगळ्या प्रकारचा पास, पण तोही शेवटी पद्माकरच्याच नोकरीला बांधलेला. तो गेला की तिघांचं इथलं राहणं संपलं.

कंपनीने पद्माकरला रॉटरडॅमच्या ऑफिसात जागा देऊ केली. त्याच्याकडे युरोपचा पासपोर्ट, त्याला तिथे काम करायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि युरोपातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात नोकरीला गेला, तर बायकोला आणि तिच्या मुलीलाही सोबत नेऊ शकतो. फक्त एक अट, नेदरलंड्सच्या वकिलातीला हे कुटुंब खरं वाटलं पाहिजे. पासपोर्टसाठी लग्नं लावणारे लोक असतात, त्यामुळे ते पारखून घेतात. खरं वाटलं तर तिघं रॉटरडॅमला. नाही वाटलं तर पद्माकर तिकडे आणि मायलेकी पुण्यात क्षिप्राच्या भावाकडे, आणि मग पुन्हा एकत्र कधी, ते देव जाणे.

क्षिप्राची झोप उडाली. पद्माकर म्हणाला, "होईल." तो कशालाही होईल म्हणतो. क्षिप्रा म्हणायची, "ताई, ह्याच्या होईलला कशाचा आधार असतो तेच मला कळत नाही."

त्यातून ऑफिस बंद करण्याचं कामही याच्याच गळ्यात. बाकीचे भराभर पांगले. कुणी दुसरी कंपनी धरली, कुणी जूनमध्येच रॉटरडॅमला जाऊन चांगल्या खुर्च्या पकडल्या. हा मात्र वर्षअखेरपर्यंत इथेच, रिकाम्या ऑफिसात खोकी बांधत. रोज हार्बरफ्रंटला जायचं आणि टेबलं कुणाला द्यायची, फायली कुठे पाठवायच्या ते बघायचं. सगळे म्हणाले, भोळा आहे, लोक त्याचा फायदा घेतात. मीही म्हणाले. समोर जे दिसत होतं त्यावरून दुसरं मत होण्यासारखं नव्हतं.

वकिलातीत नवराबायकोची वेगवेगळी मुलाखत होणार असं कळलं आणि विवेक सोफ्यावरून उठला. असा तो एरवी फक्त गणेशोत्सवाच्या एकांकिकेची तारीख ठरली की उठतो.

"तालीम लागेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, त्यांचं लग्न खरं आहे. खऱ्याची कसली तालीम?"

"खरं असणं वेगळं आणि खरं वाटणं वेगळं. रंगभूमीवर हेच तर शिकतो आपण."

दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. पण समोर मराठी माणसं होती, तालीम म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. आमच्या दिवाणखान्यात तालमी सुरू झाल्या. टीपॉय हलवला, अधिकारी म्हणून मला खुर्चीत बसवलं. भेटलात कसे, या प्रश्नाला पद्माकर उत्तर द्यायचा, "ती तक्रार करायला आली होती. माशांच्या वासाची." विवेक कपाळाला हात लावायचा. मग त्याने इंग्रजीत वाक्यं बांधून दिली. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं, त्याबाबतीत तो कडक आहे. पण दार उघडण्याच्या प्रसंगाला त्याने असं वाक्य दिलं, की दार उघडलं आणि त्यासोबत माझं आयुष्यही उघडलं. त्याच्या आधी एक थांबा, म्हणजे नाटकातला पॉज. नंतर हलकं हसू. पद्माकर बिचारा थांब्याच्या जागी जांभई आल्यासारखा दिसायचा, पण मेहनती. क्षिप्रा तर कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या नाटकात उभी राहिलेली, तिने पहिल्याच दिवशी पाठ केलं.

गार्गी दाराशी उभी राहून बघायची. "सो क्रिंज," म्हणाली आणि खाली निघून गेली. तिला कुठेच जायचं नव्हतं, ना रॉटरडॅमला ना पुण्याला. तिच्या मैत्रिणी इथे, संघ इथे, चार वर्षांची असल्यापासूनचं सगळं इथे. नागपूरहून वडिलांची संमतीची सही लागली होती, ती आठवड्याच्या आत कुरिअरने आली, सोबत एक शब्द नाही. क्षिप्राला हायसं वाटलं. गार्गी म्हणाली, "ही डिडन्ट इव्हन आस्क व्हेअर."

मुलाखत झाली. दोघं हसत परत आले. विवेकने विचारलं, "थांबा घेतलात?" दोघंही एका आवाजात म्हणाले, "घेतला." आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

झालं होतं ते असं. क्षिप्रा एका खोलीत, पद्माकर दुसऱ्या. दोघांनी तेच शब्द, तोच थांबा, तेच हलकं हसू. तिथल्या अधिकारी बाईंनी अशी किती जोडपी पाहिली असतील. खरे नवराबायको काय, त्यांना एकमेकांच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा धड सांगता येत नाही. इथे दोघांचं आयुष्य एकाच वाक्यात उघडत होतं. काही दिवसांनी निरोप आला, की आम्हाला शंका आहेत, पुन्हा या, आणि या वेळी मुलीला घेऊन या. आम्ही तिच्याशी एकटीशी बोलू.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी विवेकशी बोलायचं बंद केलं. त्याला ते कळायला जरा वेळ लागला, तो दिग्दर्शकीय आत्मपरीक्षणात होता.

आता सगळं गार्गीवर आलं. जिला यायचंच नाही, तिच्या हातात तिघांचं भवितव्य. क्षिप्रा माझ्यापुढे रडली. "ताई, ती मुद्दाम नाही बोलणार वाईट. पण ती खोटंही नाही बोलणार. यायचं आहे का विचारलं तर सरळ नाही म्हणेल."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. क्षिप्रा वाढता वाढता लेकीला समजावू लागली, असं विचारलं तर असं सांग, तसं विचारलं तर तसं.

गार्गी ताटाकडे बघत म्हणाली, "बट आय डोन्ट वॉन्ट टू गो, व्हॉट. मस्ट लाय, इज इट?"

पद्माकर भात कालवत होता. म्हणाला, "खोटं कशाला? यायचं नसेल तर तसंच सांग."

क्षिप्राने पळी भांड्यात ठेवली. "अरे, ती खरंच सांगेल."

"सांगू दे. तिला विचारणार आहेत ना? मग तिचं उत्तर तिचं."

"आणि व्हिसा नाही मिळाला तर?"

"होईल," म्हणाला आणि ताक मागितलं. मला त्याचा असा राग आला की मी उठून दुसरी पोळी घेतली. रागात मला भूक लागते.

यापुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि तिघांचं जुळलं, पण शब्द निराळे होते, म्हणून मी विश्वास ठेवला.

बाईंनी गार्गीला आधी एकटीला आत घेतलं. काकांबद्दल सांग म्हणाल्या. गार्गीने जी सुरुवात केली ती थांबेना. काका बनियन नेमके तिच्या खिडकीसमोरच्या बांबूवर वाळत घालतात. बाथरूममध्ये गातात, आणि त्यांना वाटतं छान गातात. पालकसभेला ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसतात आणि शिक्षकांनी न विचारलेल्या प्रश्नांनाही मान हलवतात. रविवारी अख्ख्या घराला माशाचा वास येतो आणि आई नाक मुरडत खिडक्या उघडते, पण जेवायला मात्र त्यांच्या शेजारीच बसते. एसीच्या तापमानावरून दोघं रोज भांडतात आणि रोज सव्वीसवरच ठेवतात. त्यांना नाही म्हणता येत नाही. ऑफिसातले सगळे हुशार लोक केव्हाच गेले, हेच एकटे राहून लोकांची टेबलं मोजतायत, आणि कुणी विचारलं तर म्हणतात, होईल. सो ब्लर, वन, म्हणजे अगदीच भांबावलेले. आणि केळी. घरात इतकी केळी असतात, कारण तिला उशीर झाला की ते स्टेशनवर येऊन उभे राहतात आणि केळी घ्यायला आलो असं सांगतात. तिला काय कळत नाही की काय.

"तुला त्यांच्यासोबत जायचं आहे?" बाईंनी विचारलं.

"नो," गार्गी म्हणाली.

मग बाईंनी नवराबायकोला आत बोलावलं. गार्गी खुर्चीत ताठ बसलेली. बाई पद्माकरला म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणते, तिला यायचं नाही."

"हो. मीच तिला म्हटलं होतं, खरं ते सांग."

"मी एक विचारू? ती म्हणते, तुमचे बाकीचे सहकारी केव्हाच तिकडे रुजू झाले. तुम्हीच मागे का राहिलात? कंपनीने ठेवलं?"

हा प्रश्न विवेकच्या तालमीत नव्हता. पद्माकरने थांबा घेतला, आणि या खेपेला तो खरा थांबा होता. त्याने गार्गीकडे बघितलंही नाही.

"नाही. मी मागून घेतलं," तो म्हणाला. "मला ऑगस्टमध्ये बोलावलं होतं. मी गेलो असतो तर माझा पास गेला असता, तिचाही गेला असता, आणि शाळा मध्येच सुटली असती. तिची परीक्षा नोव्हेंबरात संपते. ऑफिस बंद करायला कुणीतरी डिसेंबरपर्यंत लागणार होतं. ते काम कुणाला नको होतं. मी म्हटलं, मी करतो."

क्षिप्रा नवऱ्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं, मला का नाही सांगितलंस म्हणून. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस. मग पोरगी पुस्तक उघडताना दर वेळी माझ्याबद्दल विचार करत बसली असती. अभ्यास कधी करणार?" यावर मला उत्तर देता आलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

तिथे मात्र बाईंनी पुन्हा गार्गीकडे बघितलं आणि विचारलं, "अजूनही जायचं नाही?"

गार्गीचं नाक लाल झालं होतं. तिने बाहीने पुसलं.

"स्टिल डोन्ट वॉन्ट," ती म्हणाली. आणि मग पद्माकरकडे न बघता, "बट डिसेंबर कॅन, लाह."

बाईंनी पेन खाली ठेवलं. डिसेंबरात चालेल, हा त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही, वकिलातीत असल्या तरी त्यांनी सिंगापुरात काही वर्षं काढली असणार. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतले आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही व्हिसे आले.

विवेकला मी सांगितलं, की तू इतकी वर्षं नाटकं बसवतोस, पण चार शब्दांत असं वाक्य तुला एकदाही लिहिता आलेलं नाही. त्याने ते मान्य केलं. म्हणाला, "आणि थांबाही बरोबर होता." मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले.

आता डिसेंबर आला आहे. परीक्षा झाली. परवा पद्माकर, क्षिप्रा आणि गार्गी तिघांनी मिळून हार्बरफ्रंटच्या ऑफिसातली शेवटची खोकी बाहेर काढली. आमचा पोर्तुगीज पहिल्यांदा युरोप बघणार आहे आणि तिथे तिरफळ मिळतं का याची त्याला काळजी आहे. मी एक पुडा बांधून दिला आहे. ब्लॉकमध्ये असा माणूस पुन्हा येणार नाही आणि मला त्याचं वाईट वाटतंय, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "होईल सवय, वहिनी."

पण मला राहून राहून आठवतो तो वकिलातीहून परत आल्याचा दिवस, क्षिप्राने सांगितलेला. बिशान स्टेशनवर तिघं गाडीतून उतरली. बाहेर पडल्यावर पद्माकर सवयीने फळवाल्याकडे वळला आणि केळ्यांच्या घडाला हात लावला.

गार्गीने त्याची बाही धरली. "काका, आता कशाला? मी आलेय ना."

तो घड हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने तो घेतलाच, आणि पिशवी तिने उचलली.